कलम सात, पोटकलम दोन

ओशच्या हॉटेलात तिसऱ्या दिवशीही
आम्ही त्याच दोन शब्दांपाशी:
'वाजवी काळात'.
वाजवी कुणाच्या घड्याळात, इल्होमजान विचारतात
आणि साखर न घातलेला चहा ढवळत राहतात.

करार तीन देशांचा. नदी एकच,
तिला वाचता येत नाही.
वर आम्ही. ऐन थंडीत धरण सोडतो,
कारण वीज नसली की भिंतीला आतून बर्फ धरतं.
खाली ते. थंडीत नको तेव्हा शेतात पाणी,
आणि जुलैत कापसाच्या मुळाशी हात घातला
तर हात कोरडाच वर येतो.

मसुद्यात हे असं आलंय:
'पक्ष परस्परांच्या हंगामी गरजांची यथोचित दखल घेतील.'
वाक्य माझंच.
सोळा वर्षं अशीच लिहितेय,
वजन टाकलं की खचणारी.

आता त्यांच्या माळावर काचेच्या पाट्या आहेत, मैलोन्‌मैल ऊन.
त्यांची वीज तारेवरून डोंगर चढेल,
तेवढं पाणी आम्ही राखू, जुलैत सोडू.
एवढंच.
एवढ्यासाठी एकशे चार पानं,
आणि 'पाठवतील' की 'पाठवू शकतील'
यात कालची अख्खी दुपार.

मधल्या सुट्टीत इल्होमजान जिन्यात फोनवर.
पलीकडे त्यांचे वडील, बहिऱ्या माणसाच्या आवाजात:
चिल्ला लागला रे, आता पाणी आलं
तर गव्हावर बर्फ चढेल!

चिल्ला. माझी आई म्हणते चिल्दे.
थंडीचे चाळीस दिवस. उन्हाळ्याचेही चाळीस.
डोंगरात एक जीवघेणा, खाली दुसरा.

मी 'वाजवी' खोडलं.
कझाकांचा दाउरेन म्हणाला, हा कायद्याचा शब्द नाही.
मग व्याख्येत घाला, इल्होमजान म्हणाले,
आणि पहिल्यांदाच चहा प्यायले.

व्याख्येला तारखा लागतात.
त्यांचा चिल्ला पंचवीस डिसेंबरला लागतो,
आईचा सव्वीसला.
सात वाजले, कुणी हटेना,
तो एक दिवस कंसात ठेवून उठलो.

रात्री आईला फोन केला.
वीज सहाला येते म्हणाली, दहाला जाते.
तारीख विचारायची राहिलीच. तशी गरजही नव्हती,
खिडकीबाहेर कंसातलाच दिवस होता,
बर्फ पडत होतं,
आणि हॉटेलचे सगळे दिवे
जनरेटरवर.