अडतीस सेकंद

संगम माहुलीच्या घाटावर, शालनकाकूंच्या दहाव्याला,
साडेदहाला फोन आला:
"चित्र थांबलंय."
म्हटलं, विक्रांतराव, उदबत्तीकडं बघा.
धूर हलत असेल तर कावळा येत नाहीये.
धूरही थांबला असेल तर दोष माझा.

कॅल्गरीत अजून कालची रात्र.
"धूर थांबलाय," तो म्हणाला,
आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.
माझ्या दोषाला निदान औषध असतं.

वैद्यानं नाडी धरावी तसे मी आकडे धरतो.
प्रोसेसर साठ टक्के, बरा आहे.
तन्वीर लॅपटॉपवर छत्री धरून उभा,
गेल्या चैत्रात कुस्त्यांच्या मैदानात
ऐन निकालीच्या वेळी यंत्र तापून मेलं,
तेव्हापासून छत्री बिलात लावतो.
वायर बदलली. सिम बदललं.
अपलोड चढतंय, कोसळतंय, धाप लागल्यागत.
शंभरातल्या अकरा फ्रेम वाटेतच गळतायत.

मग दिसली ती. नदी.
चौकटीच्या डाव्या अंगाला, वेण्णा कृष्णेत शिरते तिथं.
जे हलत नाही ते एन्कोडरला स्वस्त पडतं.
पायरी स्वस्त, पिंड स्वस्त,
हात जोडून उभी माणसं तर जवळजवळ फुकट.
पाण्याची मात्र प्रत्येक सुरकुती नवी,
ती बिचारा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून लिहितो
आणि लिहितालिहिता मागं पडतो.

सुलभाताई म्हणाल्या होत्या, नदी दिसू दे हां,
आईचं माहेर पल्याड, क्षेत्र माहुलीत.
मी कॅमेरा वळवला. नदी गेली, माहेर गेलं.
बिटरेट निम्म्यावर आणला.
आणि सहसा टाळतो तो उपाय केला: बफर वाढवला.
आधी साठवायचं, मग सावकाश दाखवायचं.
चित्र न अडखळता चालू लागलं,
फक्त अडतीस सेकंद मागं.
हे त्याला सांगायचं राहिलं.

अकरा वाजले.
झाडावर सहा कावळे, एकही उतरेना.
पायरीवर कबुल्या सुरू झाल्या.
मामा म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो.
धाकटी जाऊ म्हणाली, तुमच्या शेळ्या विकणार नाही.
कावळ्यांनी चोची पुसल्या.
मग एका म्हातारीनं थर्मासमधला चहा द्रोणात ओतला,
"शालनचं ह्याबिगर हलायचं नाही,"
आणि द्रोण ठेवला डावीकडं,
चौकटीबाहेर, मघाशी नदी होती तिथं.

एक उतरला. चहात चोच बुडवली,
मग दोन उड्या मारून पिंडाकडं.
काळा दगड, काळा पक्षी;
माझ्या पडद्यावर नुसते चार चौकोन हलले
आणि भात उडाला.
गुरुजी म्हणाले, झालं.

तेवढ्यात कानाशी विक्रांत:
"शिवत नाही ना? माझ्यासाठी अडलीय ती.
तिला सांगा, घर सुलभाच्या नावावर करतो.
कागद पाठवतो. सांगा ना, बोललो मी."

माणसं उठली होती, चपला शोधत होती.
मी फोनच्या माइकवर तळवा घट्ट दाबला.
तन्वीरनं माझ्याकडं बघितलं.
मी त्याच्याकडं नाही बघितलं, मोजत होतो.
सत्तावीस. अठ्ठावीस.
कुठल्याशा समुद्राखालून
तो कावळा अजून चालला होता.

"आली," तो म्हणाला.
शिवला म्हणाला नाही. आली.
नंतर नुसता श्वास,
तो मात्र जराही उशीर न लावता पोचत होता.

सुलभाताई पैसे द्यायला आल्या.
दादाला नीट दिसलं ना?
म्हटलं, दिसलं. तुम्हाला फोन करतील ते.
पाकीट न मोजता खिशात टाकलं.

संध्याकाळी नेहमीसारखी वहीत नोंद केली.
गळालेल्या फ्रेम: शेवटी शून्य.
विलंब: अडतीस सेकंद.
कारण: नदी.
पुढच्या वेळी काय सुधारायचं, त्या रकान्यात
पेन टेकवलं, शाईचा ठिपका वाढत गेला,
तेवढाच आहे.