हातमोजा

बार्टली क्विल्टी चार हंगाम कॅचर होता,
ट्रॉयच्या संघात, उघड्या हातांनी.
आठवड्याला अठरा डॉलर,
बोट मोडलं तर त्या दिवसाचे कापून.

पहिलं मोडलं सिरॅक्यूजला. त्याने ते
शेजारच्या बोटाला बुटाच्या नाडीने बांधलं
आणि मान हलवली: टाक.
दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं,
तेही 'क्विल्टर'.
आईने कात्रण जपून ठेवलं,
तिला कुठे वाचता येत होतं!

पाचव्या वर्षी संघ बुडाला,
दोन पगार घेऊन बुडाला.
तेव्हापासून बार्टली बर्फाच्या वखारीत.

आता दुकानात कातडी हातमोजे आलेत,
आत गादी, कडेला दुहेरी शिवण.
घालून तर बघा, म्हणाला विकणारा पोरगा.
बार्टलीने हात पुढे केला:
एक बोट नदीकडे, एक चर्चकडे,
अंगठा आपल्याच तंद्रीत.
मोजा अर्ध्यावरच अडला.

मोठा आणू?
नको.
धाकट्याच्या मापाचा बांधून घेतला, घासाघीस करून,
आणि घरापर्यंत
एक सफरचंद उंच उडवत, झेलत गेला.
मोजा काखेत.