एक आकडा गावाचा

पारोळ्याच्या बायपासला, वीटभट्टीच्या अलीकडे
मुनाफ पिंजारींचं गॅरेज: चार पत्रे, एक निंब,
निंबाला टांगलेला चेनब्लॉक.
दुपारचे तीन. पाना उचलायला फडकं लागतं.

माझी जीप पेट्रोलची, पाटबंधारे खात्याच्या लिलावातली.
बोनेटच्या खरवडलेल्या रंगाखाली
अजून ‘उपविभाग’ वाचता येतं.
पळते झकास. उभं राहता येत नाही तिला.
रेल्वेच्या फाटकात, पेट्रोलपंपावर,
कुणी ओळखीचं भेटलं म्हणून थांबावं
तर थरथरते, उचकी देते, विझते.
नऊ वर्षांत माझी माणसं तुटली ती अशी.

धुळ्याच्याने कार्बोरेटर बदलला.
एरंडोलच्याने पॉइंट, कंडेन्सर, चारही प्लग,
वर सल्ला, विकून टाका.
तिसऱ्याने स्लोचा स्क्रू इतका पिळला
की गाडी उभ्या उभ्या बोंबलू लागली.
ह्याला तो दुरुस्ती म्हणाला, दोनशे घेतले.

मुनाफचाचांना ऐकू येत नाही.
पूर्वी म्हणे आंघोळ करता करता
रस्त्यावरच्या ट्रकचा कुठला व्हॉल्व्ह जळालाय ते सांगत.
त्याच ट्रकांनी कान नेले.
आता त्यांच्यापाशी पितळी कडेचं एक घड्याळ आहे,
भुसावळच्या भंगारातलं, शून्य ते तीस.
त्याची नळी मॅनिफोल्डला जोडली,
तिसऱ्याचा स्क्रू मागे घेतला,
आणि मला सांगितलं, पायाने जिवंत ठेव.

काटा चौदावर. हलेना.
झटके देता तर व्हॉल्व्ह, डोलता तर मिश्रण,
हा नुसता खाली बसलेला, रुसलेल्या जावयासारखा.
टायमिंग पाहिलं. जागेवर.
मग चाचा, बहिऱ्यांच्या सवयीने, ओरडून म्हणाले
(समोरच्या टपरीवरचे सगळे वळले):
“हाई गाडी चोरीसन हवा पी ऱ्हायनी!”

गुरांच्या डॉक्टरची सिरिंज, तीत साबणाचं पाणी.
कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब. काही नाही.
मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर थेंब. काही नाही.
रुमाल्या पावरा, शिरपूरकडचा पोरगा,
मडगार्डवर पालथा पडून
एकेक नळी चिमटीत धरत गेला.
त्याला काटा दिसत नव्हता, चाचांना इंजिन ऐकू येत नव्हतं,
मी मध्ये, पाय दाबून.
कुठल्याशा नळीवर आवाज एकदम बसला
आणि चाचांनी हात वर केला: तीच. सोडू नको.

वायपरची नळी.
ह्या जुन्या गाडीचा वायपर इंजिनच्या श्वासावर चालतो,
हे मी विसरलोच होतो.
मी काच रद्दी पेपरनं पुसतो.
नळी वाकते तिथे, पोटाकडून,
उन्हाने तडकलेली, डोळ्याला न दिसणारी,
रुमाल्याच्या बोटाला सापडलेली.

तडकलेलं कापलं, पेट्रोलच्या पाइपाचा तुकडा जोडला,
दोन क्लिपा. काटा एकोणीस.
“वीस पायजे,” चाचा म्हणाले, “पण समिंदर तठे, आपण आठे वर.
एक आकडा गावाचा सोडाना.”

मी पाय काढला. गाडी उभी राहिली.
उतरलो, टपरीवर गेलो, चहा सांगितला,
ती तिकडे आपली चालूच.

चाचांनी बोनेटवर तळहात टेकला.
थोडा वेळ तसाच. कपाळाला आठी.
मग माझ्याकडे बघून, पुन्हा सगळ्या बायपासला ऐकू जाईल असं,
“बंद पडनी का भाऊ?”

मी काट्याकडे बोट दाखवलं.