मकरपुरा, शेड नंबर एक्केचाळीस

तळहातात मावेल एवढा व्हॉल्व्ह.
टायटॅनियमचा. हैदराबादच्या पोरांचं रॉकेट आहे,
सरकारी नाही, त्यांचं स्वतःचं, म्हणजे
बँकेचं आणि कुणाच्या तरी सासऱ्याचं.

कागद मात्र अठरा.
फॅक्टरी, वजनमाप, प्रदूषण,
शिवाय दिवाळीला काजूकतलीचा एक डबा,
तो कुठल्या खात्याचा, हे मी अजून विचारलेलं नाही.
मला सबसिडी नको होती. सत्कारही नको.
माझ्या लेथपासून चार हात लांब उभे राहा,
एवढंच.

बुधवारी सायरन वाजला.
तालीम आहे म्हणाले, दिवे घालवा.
टूल धातूत होतं, शेवटचा कट,
दोन शतांश मिलिमीटर उरलेले.
यासीनभाईंनी मशीन थांबवलं
आणि अंधारात आम्ही दोघं बसून राहिलो,
ज्या भांडणात आम्हाला कुणी विचारलं नव्हतं
त्या भांडणाच्या एकाच बाजूला.

टूल मध्येच थांबलं की वळ उठतो.
उठला. व्हॉल्व्ह भंगारात.
भरपाईचा फॉर्म आहे म्हणे. एकोणिसावा.

दांडिया बाजारात कुणाला बोललो नाही, पण
टेबलाच्या खणात दुसरी ऑर्डर पडून आहे:
तोफगोळ्यांचे फ्यूज, तीन हजार नग.
पैसे आगाऊ. कागद फक्त दोन.
मृण्मयी विचारते, बाबा, घेणार?
उद्या सांगतो म्हणालो.
काल पण हेच म्हणालो होतो.

नवा रॉड लावला.
पुन्हा पहिल्यापासून.
तासलेली तार गोल गोल वर चढते,
कुणाची परवानगी न घेता,
आणि फूटभरावर
तुटून पायाशी पडते.