टांगायचं किती

हरिकेश सुतार टेप ओढून विचारतो,
"मॅडम, टांगने का कितना, घडी का कितना?"
नऊ फूट भिंत, कन्नमवार नगर.
मला पटकन सांगता येत नाही
आपलं किती टांगलेलं आहे.

पलंगावर ढीग.
सुधन्वाचे तीन सफारी, कंबर बत्तीस असतानाचे.
माझे ब्लाउज, शिवणीत दोन बोटं माया ठेवलेले;
तीही उसवून संपली.
डांबराच्या गोळ्या झिजून साबुदाण्याएवढ्या.
एक शालू, ज्याला
नेहमी कुणाचं तरी लग्न कमी पडतं.

लोखंडी कपाट भंगारवाला किलोवर नेणार.
दार शेवटचं पुसायला घेतलं
तर आतल्या बाजूला, पेन्सिलीनं,
माझ्याच अक्षरात
सात आकडी फोन नंबर.
नाव नाही.

सुधन्वा म्हणाला, गॅसवाला असेल.
मी म्हटलं, असेल.
गॅसवाल्याचा नंबर
कुणी साड्यांच्या मागे लिहीत नाही.

आता सरकती दारं. आत दिवा,
दार लोटलं की आपला आपण लागतो.
हँगर सगळे एका दिशेला, निदान या आठवड्यात.
सुधन्वा फिरायला गेल्यावर
सनमायक्यावर पेन्सिल चालवून पाहिली.
उमटेना.
मग प्लायच्या कडेला,
जिथे हरिकेशची पट्टी लावायची राहिलीय,
तिथे लिहिला, बारीक,
पुढे दोनचा आकडा जोडून,
हल्ली लागतो तसा.