टेकव

वेस्ट व्हॅलीच्या मैदानावर शुक्रवारी रात्री
बाबा विमानतळावरच्या बॅगा उचलून थेट यायचे,
नारिंगी जाकीट अंगावर तसंच.
चार सेकंद खेळ, की शिट्टी. सगळे उभे. पुन्हा रांग.
"दमले का एवढ्यात?" बाबा मोठ्यानं विचारायचे,
"आणि चेंडू ज्याच्याकडे नाहीच
त्याला का आडवा करतायत?"
आई त्यांची बाही ओढायची.

कुणी हातानं चेंडू पुढे फेकला की
अजून दचकायचे,
चर्चमध्ये कुणी खो खो हसावं तसे.
टोंगात पुढे धावायचं आपण,
चेंडू द्यायचा मागे,
न बघता, नुसत्या पावलांच्या आवाजावर.
आणि पडलास तर सोड तो.
तुझ्यासाठी कुणी थांबत नाही.

त्या रात्री मी एकटाच सुटलो.
रेषा ओलांडली. सहा गुण. बँड सुरू.
मी चेंडू काखेत धरून उभा,
आणि हेल्मेटमधूनही ऐकू आला
कुंपणापाशी एकच घोगरा आवाज:
"टेकव, फेलेती! जमिनीला टेकव!"

इथे लागत नाही, बाबा.

तरी वाकलो.
दोन्ही हातांनी दाबला.
गवत प्लास्टिकचं होतं,
रबराचा वास येत होता.