भावाचा भाव

उणे एकतीस. काचेवर आतून बर्फ.
रात्रपाळीच्या औषधदुकानात गिऱ्हाईक नाही,
फ्रिजची घरघर आहे आणि माझा फोन,
ज्यावर तेमुलेनच्या संघाचं "हो"
त्रेसष्ट सेंटला चाललं आहे.

म्हणजे जगाच्या मते शंभरात त्रेसष्ट वेळा
माझा धाकटा भाऊ आज जिंकेल.
जग म्हणजे लिस्बनमधलं कुणी, मनिलातलं कुणी,
एखादं झोप नसलेलं यंत्रही असेल.
त्यांतल्या कुणी त्याचं नाक पुसलेलं नाही.

दोन वर्षं मी हे करते.
कोणता संघ दुसऱ्या नकाशावर ढेपाळतो,
कोणता कप्तान मागे पडला की गप्प होतो,
सगळं लिहिलंय, औषधांच्या मुदतीच्या वहीत, उलट्या बाजूने.
नियम एकच : घरच्या सामन्याला हात लावायचा नाही.

गेल्या मंगळवारी तो इथे येऊन बसला,
काउंटरच्या या बाजूला, स्टुलावर, उजवा हात पुढे करून.
अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजलेलं.
मी दाबलं तर ओरडला नाही,
छताकडे बघत म्हणाला, "ताई, कुणाला बोलू नकोस.
कोचलाही ठाऊक नाही."
मलम दिलं, पट्टी दिली, गोळ्या दिल्या.
पैसे घेतले नाहीत.
पैसे घेतले नाहीत, हे नंतर मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं.

घरी आई शागाय टाकत बसली असेल.
मेंढीच्या घोट्याची चार हाडं,
त्यांतलं एक तरी घोडा पडावं म्हणून
मनाजोगं होईतो पुन्हा पुन्हा दान घेते ती.
सकाळी नवव्या मजल्यावरून तिनं दूध शिंपडलं,
माल्टा कुठल्या दिशेला ते मला विचारून.
थेंब खाली पोचेपर्यंत गोठले असणार.

एक चाळीस.
मी "नाही" घेतलं. सदतीसला.
मग अडतीसला, मग एकेचाळीसला. एकूण नऊशे डॉलर.
हात थरथरला नाही.

माझ्यामागून आणखी आले,
काही ठाऊक नसलेले,
कुणाला तरी ठाऊक आहे एवढंच हेरून.
त्रेसष्टचे बावन्न झाले. बावन्नचे शेहेचाळीस.
आईला, कोचला जे माहीत नव्हतं
ते आता एका आकड्याला माहीत होतं.

एक पंचावन्न. तेमुलेनचा फोन.
मागे गलका, कुणीतरी माइक ठोकून बघतंय.
"ताई, आमचा भाव पडलाय.
बघायचा नसतो म्हणतात, पण बघतोच आम्ही.
आतलंच कुणीतरी फुटलं.
बातार असेल, परवा त्याला पट्टी दिसली होती."
मी म्हणाले, मलम लावलंस?
लावलं, म्हणाला.
मी म्हणाले, हात गरम ठेव.

मनगट शेवटपर्यंत टिकलं.
तिसऱ्या नकाशावर, अकरा-अकरा असताना,
बातार हेडसेटमध्ये ओरडला : डावीकडे!
आणि माझा भाऊ
अर्धा सेकंद
थांबला.

नऊशेचे तेवीसशे झाले.
आईचा निरोप आला : घोडा पडला होता गं, दोन पडले होते.

सहाला एक म्हातारा खोकल्याचं औषध मागत आला.
त्याचे सुटे पैसे मी दोनदा मोजले,
मग तिसऱ्यांदा.